उंदरांच्या खोलीतले एकवीस दिवस

रविवारी दुपारी जेवण झालं की मी चपला घालायचे आणि आई विचारायची, "आता कुठे?" तिला उत्तर माहीत असायचं. मुलुंडहून पवईवरून जाणारी बस पकडायची, मरोळच्या पुढे उतरायचं, इस्पितळाच्या मागच्या पत्र्याच्या लांबट शेडचं कुलूप उघडायचं आणि भिंतीवरचा थर्मामीटर बघायचा. बावीस. मग कुलूप लावून परत बस. एक आकडा बघायला अख्खी दुपार. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुझे उंदीर रविवारी पळून जाणार आहेत का?"

पळून जायची भीती नव्हतीच. भीती होती ती खोली तापायची. मी कुष्ठरोगाच्या जंतूवर संशोधन करायचे. हा जंतू मोठा हट्टी. काचेच्या नळीत, बशीत, कसल्याही रसात तो वाढत नाही. त्याला जिवंत अंग लागतं, आणि त्यातलाही थंड भाग. म्हणून रोग्याच्या कातडीचा मुगाएवढा तुकडा काढायचा, तो वाटायचा, त्यातले जंतू मोजून पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पायाच्या तळव्यात सुईने घालायचे आणि थांबायचं. आठ महिने, दहा महिने. दुसरे जंतू एका रात्रीत लाखांवर जातात. याला एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. एवढ्या काळात काय काय बिघडू शकतं याची यादी माझ्या डोक्यात कायम तयार असायची. एका ऑक्टोबरात थंड हवेचं यंत्र खरंच बंद पडलं. मी मरोळच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणवल्या, घमेल्यांत ठेवल्या आणि दोन दिवस स्वेटर घालून त्या खोलीत बसून राहिले. लोक मला वेडी म्हणत. तोंडावर नाही म्हणत, एवढंच.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. या रोगावर तोवर मुख्यतः एकच गोळी होती, डॅप्सोनची. स्वस्त, पांढरी, रोज एक, वर्षानुवर्षं घ्यायची. पुष्कळ लोक तिने बरे झाले. पण काहींचे चट्टे जाऊन पुन्हा यायला लागले होते, आणि याची कारणं दोनच असू शकत होती. एक तर रोगी गोळ्या चुकवत होता, नाही तर जंतू गोळीला दाद देत नव्हता. लघवी तपासून मागच्या दोन-चार दिवसांचं कळे, पण दवाखान्यात यायच्या आदल्या रात्री तर सगळेच गोळी घेतात. खरा निकाल द्यायचा उंदरांनी. एकाच रोग्याचे जंतू घातलेल्या काही उंदरांना साधं पीठ घालायचं, काहींना डॅप्सोन मिसळलेलं, कमी, मध्यम आणि जास्त. जास्त औषध खाणाऱ्या उंदराच्या पायातही जंतू वाढले, तर रोगी खरा आणि औषध निकामी.

तो गृहस्थ पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा पस्तिशीचा असेल. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि नुकताच दिंडोशीला राहायला गेला होता. मूळचा कोकणातला. चार वर्षं गोळ्या घेतल्या होत्या, चट्टे गेले होते, आणि आता कानाच्या पाळीवर आणि पाठीवर पुन्हा उठले होते. बरोबर बायको होती, ती दाराशीच उभी राहिली.

"गोळ्या रोज घेता?" मी विचारलं.

"रोज."

"एकही दिवस चुकवली नाही?"

"नाही ना, बाई."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे, आणि माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. मी म्हणाले, "गोळ्या खिशात ठेवून रोग जात नाही, पोटात जाव्या लागतात." बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. नंतर कळलं, की त्या दिवशी घरी गेल्यावर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: शिकलेल्या बाई खोटं कशाला बोलतील? हाच गोळ्या फेकत असणार, आणि घरात लहान मुलगी असताना फेकत असणार.

जुलैमध्ये आम्ही त्याच्या पाठीवरचा तुकडा काढला. तो शेडपर्यंत बर्फाच्या थर्मासमधून नेणारा माणूस म्हणजे आमचे काका. वयाने पन्नाशीचे, अंगाने काटक. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, मग कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे उंदरांची देखभाल करायला लागले. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पीठ घालणं, पाणी भरणं. गिरणीत तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे मोठ्याने बोलायचे, पण उंदरांशी बोलताना आवाज खाली यायचा. त्यांच्याइतकी स्वच्छ खोली मी नंतर मोठमोठ्या संस्थांतही पाहिली नाही. थर्मास घेताना काकांनी त्या गृहस्थाला गाव विचारलं, मग वाडी विचारली, आणि दोघं दाराबाहेर बराच वेळ बोलत उभे राहिले. पिंजऱ्यांवर आम्ही नावं लिहीत नसू, फक्त आकडे. पण त्या दिवशी कुणाचा थर्मास आला आणि कुठल्या नऊ पिंजऱ्यांवर नवीन चिठ्ठ्या लागल्या, हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये काकांनी सुटी मागितली. गणपतीची.

"किती दिवस?"

"महिनोभर. आमचो गणपती एकवीस दिवसांचो, मॅडम."

महिनाभर! मला खोलीची चावी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची कल्पनाच सहन होईना. बदली माणूस म्हणून देऊ केलेला वॉर्डबॉय उंदराला शेपटीला धरून लोंबकळवायचा. पीठ कुठलं कुठे घालेल, चिठ्ठ्यांची अदलाबदल करेल, दार उघडं टाकेल. मी रात्री अंथरुणात हेच घोळवत होते. मी काकांना सांगितलं, या वर्षी नाही. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे.

"मॅडम, गिरणीत असताना पण कोणी गणपतीक अडवूक नाय," ते म्हणाले. "सायबानसुद्धा नाय."

"गिरणी दोन दिवस बंद राहिली तरी कापड मरत नव्हतं, काका. इथे दहा महिन्यांचं काम मरेल."

हे बोलताना मला मी फार शहाणी वाटले होते. गणपतीला गावी न जाणं म्हणजे कोकणातल्या चाकरमान्याला काय असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं त्या दिवसांत कुलपं लावून जायची. मला माहीत होतं आणि तरी मी नाही म्हटलं. काका थांबले. त्यांच्या घरचा गणपती त्या वर्षी धाकट्या भावाने बसवला.

पुढचे महिने नेहमीसारखे गेले, म्हणजे माझ्या धास्तीत गेले. शनिवारी मी स्वतः पीठ तयार करायचे. चार डबे: एक साधा, तीन औषधाचे, झाकणं वेगवेगळ्या रंगांची. आठवड्याचं उरलेलं पीठ टाकून द्यायचं आणि डबे नव्याने भरायचे, हा नियमही माझाच, म्हणजे शिळं पीठ कुणाच्या पोटात जाऊ नये. मोजमाप, वजन, सही, सगळं वहीत. त्या वहीचा मला इतका अभिमान होता की मी ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावायचे.

मे महिन्यात त्या नऊ पिंजऱ्यांतल्या उंदरांची तपासणी केली. तळव्याचा भाग काढून, वाटून, काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली. या जंतूला लाल रंग बसतो, बाकी सगळं निळं दिसतं. साधं पीठ खाणाऱ्यांत लाल काड्या दिसणारच होत्या. कमी औषधवाल्यांतही दिसल्या. मध्यमवाल्यांतही. मग जास्त औषधवाल्याची काच ठेवली. तिथेही होत्या. घोळक्याने होत्या. मी तीनदा मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. त्याच खोलीतल्या दुसऱ्या चार रोग्यांच्या उंदरांत औषधापुढे एकही जंतू वाढला नव्हता.

मला अतिशय आनंद झाला. एका माणसाचं औषध निकामी ठरल्याचा आनंद होतो, असला हा धंदा. पण आनंद त्याच्यासाठीही होता. माणूस खरं बोलत होता! आणि आमच्या सरांकडे, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, नव्या औषधाच्या, लाल कॅप्सूलच्या, दोन रोग्यांपुरत्या पेट्या आल्या होत्या. औषध महाग आणि दुर्मीळ, म्हणून सरांचा नियम होता की उंदरांनी सिद्ध केलेल्यांनाच ते द्यायचं. शनिवारी सर माझ्या अहवालावर सही करणार, सोमवारपासून कॅप्सूल सुरू. एवढा धीर मला कुठला. गुरुवारीच मी नवरा-बायकोला बोलावून घेतलं.

"तुम्ही गोळ्या घेत होता," मी त्याला म्हटलं. "गोळीचाच उपयोग होत नव्हता. चूक तुमची नाही. मी तेव्हा बोलले ते बोलायला नको होतं."

तो बायकोकडे वळून एवढंच म्हणाला, "ऐकलंस?" तिने पदर तोंडाला लावला. दहा महिन्यांत ती दोघं एकमेकांशी किती बोलली असतील कोण जाणे, पण जाताना ती त्याच्या मागे नाही, बरोबर चालत गेली. हे मी खिडकीतून मुद्दाम पाहिलं आणि मला स्वतःविषयी फार चांगलं वाटलं.

शुक्रवारी सकाळी काका पेढे घेऊन आले.

"कसले पेढे?"

"आमच्या माणसाचो निकाल चांगलो लागलो ना! काल गेटावर भेटलो, माका सांगितल्यान." काका खूष होते. "माका म्हायत होता. मी तेच्या उंदरांची सेवा केलंय."

मला सेवा हा शब्द नेहमीच्या अर्थाने वाटला. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "तुम्ही सगळ्यांचीच करता की."

"तशी नाय. गणपतीतली."

मी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसले. आता फार जपून विचारायला हवं होतं. काकांना माझ्या तोंडावरून कळलं असतं की मला काय ऐकायचं आहे, तर त्यांनी तेच सांगितलं असतं. ते माझ्यावर तेवढी माया करत होते. म्हणून मी म्हटलं, "काका, तुम्ही होतात म्हणून मी गणपतीत खोलीत फारशी आले नाही. तुम्ही कसं कसं केलंत ते पहिल्या दिवसापासून सांगा ना."

त्यांनी आनंदाने सांगितलं. गावी गणपतीच्या दिवसांत शेताच्या बांधावर पानावर उंदरासाठी नैवेद्य ठेवतात. देवाचं वाहन ते, वर्षभर त्याला हाकलायचं, पण त्या दिवसांत त्याचा मान. या वर्षी गावी जाता आलं नाही, घरच्या देवासमोर उभं राहता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा. मग मनात आलं, देवाने आपल्याला इथे उंदरांच्याच खोलीत ठेवलं आहे, तर त्यातही काही असेल. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात, भुशाच्या पोत्यांआड, गणपतीचं एक चित्र लावलं. रोज सकाळी उदबत्ती. आणि औषधाचं पीठ बंद.

"सणाच्या दिवसाक औषधाचा जेवाण कसा घालूचा? घरात आजारी माणूस असलो तरी आपण तेका मोदकाचो घास देतव ना? मी सादा पीठ घातलंय. आणि घरसून मोदक. उंदरांनी काय खाल्ल्यानी म्हणून सांगू, मॅडम!"

"किती दिवस?"

"एकवीस. आमचो एकवीस दिवसांचोच. नि मगे संकष्टीक."

एकवीस दिवस औषध नाही, म्हणजे निकालच गेला. पण त्याही क्षणी डोक्यात एक आशा होती, आणि ती खोटी नव्हती. काकांनी खोलीतल्या सगळ्याच उंदरांना साधं पीठ घातलं असेल, तर उरलेल्या चार रोग्यांच्या उंदरांनीही एकवीस दिवस औषधाशिवायच काढले होते, आणि त्यांच्या पायांत काहीच वाढलं नव्हतं. म्हणजे एकवीस दिवसांनी काही बिघडत नाही हे त्या उंदरांनीच सिद्ध केलं असतं, आणि आमच्या गृहस्थाचा निकाल जसाच्या तसा उभा राहिला असता. सगळं एका उत्तरावर होतं. मी मनात म्हणत होते, म्हणा काका, सगळ्यांना म्हणा.

"एवढ्या सगळ्या पिंजऱ्यांना मोदक पुरले?" मी विचारलं.

काका हसले. "एवढ्यांका खंयसून पुरवू? तेचेच नऊ पिंजरे. आमच्या वाठारातलो, गावाकडचो माणूस, तेचे जंतू तेंच्या पायात. म्हटला, हे उंदीर सुखात ऱ्हवले तर तो पण बरो होतलो."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. मला आश्चर्य वाटतं, कारण मी बाटलीचं बूच नीट लागलं नाही म्हणून ओरडणारी बाई. मी फक्त विचारलं की हे मला तेव्हाच का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही सुटी दिली नाय, म्हणून मी रागावललंय. मगे राग गेलो. पण तोपर्यंत सांगूचा ऱ्हवला." मग माझं तोंड पाहून ते गंभीर झाले. "काय चुकला काय, मॅडम?"

तो दिवस आणि ती रात्र मी कागदावर आकडेमोड केली. एकवीस दिवसांत एका जंतूचे फार तर तीन-चार होतील. सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती वाढ त्याच्या कितीतरी पट होती, आणि औषध परत सुरू झाल्यावर ती थांबायला हवी होती. माझं मन सांगत होतं की हा जंतू खरंच दाद देत नाही. पण संकष्ट्या किती? काका कधी चार म्हणत, कधी सगळ्या. शिवाय चार म्हणताना ते माझ्याकडे बघून म्हणत. माझी कुलपातली वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बरोबर होती आणि तिच्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं होतं; सुटी नाकारून मी कामाची काळजी घेतली होती, आणि तिथूनच काम सडलं होतं.

शनिवारी मी सरांना सगळं सांगितलं.

"तुझं मत काय?"

"जंतू दाद देत नाही असं वाटतं."

"वाटतं, की आहे?"

"वाटतं."

"हे बघ," ते म्हणाले, "रिपोर्ट तुझा. तू 'सिद्ध' लिहिलंस तर मी सही करतो. मोदकाचं मी ऐकलं नाही. 'पुन्हा तपासणे' लिहिलंस तर पेटी रांगेतल्या पुढच्याला जाईल. तू ठरव यार, मला नको विचारू."

पुढच्या माणसाच्या उंदरांनीही औषध निकामी ठरवलं होतं, आणि त्यांच्या पिठात कुणी हात घातला नव्हता. मी 'पुन्हा तपासणे' लिहिलं. यात काही मोठेपणा नव्हता. मी सरांशी भांडू शकले असते; म्हणू शकले असते की नियम बाजूला ठेवा, तिसऱ्या माणसासाठी कुठूनतरी औषध मिळवा, मी स्वतः दारोदार फिरते. ते मी केलं नाही. मला चुकीचं ठरण्याची इतकी धास्ती होती की नियम हाताशी आहे याचं बरंच वाटलं.

सोमवारी दोघं आली. बायकोने केसात अबोली माळली होती. मी सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडकले, कारण उंदीर, पीठ, मोदक हे सगळं त्या दोघांना सांगताना मला ते स्वतःलाच खरं वाटेना. काकांचं नाव मी घेतलं नाही. "आमच्याकडून चूक झाली" असंच म्हटलं. पुन्हा तुकडा काढावा लागेल, पुन्हा दहा महिने, तोवर हीच गोळी, जरा वाढवून.

तो म्हणाला, "म्हणजे मी गोळ्या घेत नव्हतो, असं झालं ना आता?"

"तसं नाही. तुम्ही घेत होता की नाही हे कळलेलं नाही."

"तेच ते, बाई. उंदीर तुमचे चुकले आणि खोटा मी पडलो."

बायको खाली बघत होती. तिला कुणाचं खरं मानावं ते कळत नव्हतं, आणि मला तिला सांगता येत नव्हतं. मला सांगता आलं असतं की माझं मन त्याच्या बाजूचं आहे. पण गुरुवारी मी घाई करून तोंडघशी पडले होते, आता सोमवारी मी तोंड शिवून घेतलं. त्याने सदरा वर करून पाठ दिली. तुकडा काढताना तो हललासुद्धा नाही. तिथे त्याला काही कळतच नव्हतं.

काकांना मी सगळं समजावून सांगितलं. ते दोन दिवस कामावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की मला काढून टाका. मी म्हटलं, तुम्हाला काढलं तर मलाही काढायला हवं. त्या गणपतीला मी त्यांना महिनाभर गावी पाठवलं आणि सकाळ-संध्याकाळ उंदरांना पीठ मी घातलं. एकही दिवस चुकवला नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा पवईच्या बसमध्ये डोकं खिडकीला टेकून गेले. आईने बोलणं सोडून दिलं होतं, नुसता डबा हातात द्यायची.

तो गृहस्थ सुरुवातीचे महिने गोळ्या न्यायला यायचा. दिवाळीनंतर बायको येऊ लागली. "ते कामावर असतात," म्हणायची. मी खोदून विचारलं नाही. तिने माझ्याशी बोलावं असं मी तिच्यासाठी काही केलंही नव्हतं.

एप्रिलमध्ये निकाल आला. साधं पीठ, कमी, मध्यम, जास्त. चारही काचांवर लाल काड्या, पहिल्यासारख्याच घोळक्याने. मी या वेळी दहा वेळा मोजल्या. या वेळी पिठात कुणाचा हात नव्हता, माझ्याशिवाय. सरांनी त्याच दिवशी सही केली, आणि तोवर औषधही जास्त यायला लागलं होतं. मी निरोप पाठवला नाही. कॅप्सूलची पहिली पेटी पर्समध्ये घातली आणि गोरेगावहून बस पकडून स्वतः दिंडोशीला गेले.

चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली होती. दार त्यानेच उघडलं. मला बघून जरा मागे सरकला, मग "या" म्हणाला. बायकोने खुर्ची पुढे केली, मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. मी अहवाल काढला, त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मराठीत सांगितला. गोळीचा उपयोग होत नव्हता. कधीच होत नव्हता. तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. हे मी बायकोकडे बघून बोलले.

"मला माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला कळायला उशीर झाला."

मी पेटी पुढे केली. त्याने डावा हात पुढे केला. उजवा मांडीवरच होता, लुंगीच्या घडीत. मी बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो लपवायचं सोडून वर काढला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट तळहाताकडे वळून बसलं होतं. त्याने ती दोन्ही डाव्या हाताने सरळ करून दाखवली आणि सोडल्यावर ती परत आत गेली. हाताची नस मेली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी कोपरात कळ यायची, मग ती थांबली, मग हे असं झालं. मशीनवर पकड बसत नाही म्हणून काम सुटलं."

"मला का नाही सांगितलंत? येत होत्या ना या दर महिन्याला!"

बायको पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "काय सांगायचं? तुम्ही म्हणाला असतात गोळ्या चुकवल्या, म्हणून झालं."

मुलगीही अभ्यास थांबवून बघत होती. त्याने हात माझ्यासमोर तसाच धरला होता.

"हे औषध घेतल्यावर ही बोटं सरळ होतील का?"

त्याच्या या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला उंदरांची गरज नव्हती. मी नाही म्हणाले.